आमच्या संघटनेतला पहिला नापास

जयवंताभाऊ चाफले यांना नापास मी केलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझ्याबद्दल भलता चांगला समज करून घेणार नाही. शहरातल्या टेनिस प्रशिक्षकांची संघटना ज्या माणसाने उभी केली, त्यालाच तिच्या पहिल्या परीक्षेत मी पन्नासपैकी चौदा गुण दिले. वर असंही वाटलं की मी फार न्यायी बाई आहे.

माझं नाव अबोली. आईबाबांनी कोणत्या मुहूर्तावर ते ठेवलं देव जाणे, कारण मला गप्प बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. बाबा सरकारी नोकरीत होते, क्लबची मेंबरशिप मिळाली, आणि नवव्या वर्षी त्यांनी मला टेनिसला घातलं. घरात जरा शांतता मिळावी म्हणून, असं आई अजून सांगते. तिथे मला जयवंताभाऊ भेटले.

ते क्लबचे मार्कर होते. ज्या मेंबराला खेळायला जोडीदार मिळत नाही त्याच्याशी खेळायला ठेवलेला माणूस म्हणजे मार्कर. मातीच्या कोर्टावर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेघा ओढायच्या, आणि साहेब आले की रॅकेट घेऊन समोर उभं राहायचं. मेंबरांच्या वेताच्या खुर्च्यांवर मार्कर बसत नाही. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण पस्तीस वर्षांत मी भाऊंना त्या खुर्चीत एकदाही पाहिलं नाही.

मौद्याजवळच्या एका खेड्यातून ते सोळाव्या वर्षी आले. मामा क्लबचा माळी होता. घरची शेती मोठ्या भावाने सांभाळली आणि हे मागच्या भिंतीवर बॉल मारत मारत खेळ शिकले. शाळा सातवीपर्यंत. कुठल्या शिबिराला गेले नाहीत, कुठलं प्रमाणपत्र नाही. संध्याकाळी मेंबरांच्या मुलांना शिकवण्याचं काम हळूहळू त्यांच्याकडे आलं, कारण आम्ही दुसऱ्या कुणाचं ऐकतच नव्हतो. माझ्या वयाचे नागपुरातले निम्मे खेळाडू त्यांच्या हाताखालून गेले. तरी ते मार्करच राहिले. त्यांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेवर बापाचा हुद्दा लिहायची वेळ आली तेव्हा त्यांनी तो लिहूच दिला नाही.

त्यांचं खरं कसब हरण्यात होतं. हसू नका. समोरच्याला कळू न देता हरायला फार खेळ यावा लागतो. मधुकरराव नावाचे एक निवृत्त इंजिनियर होते, क्लबच्या कमिटीतले. ते दर रविवारी जयवंताभाऊंना सहा-चार हरवायचे. वर्षानुवर्षं सहा-चार. मी एकदा विचारलं की नेहमी सहा-चारच कसं, तेव्हा भाऊ रोलर ओढता ओढता म्हणाले होते, "सहा-दोन देल्लं तर साहेबाले संशय येते. सात-पाच देल्लं तर साहेबाले धाप लागते. साहेब हासत घरी गेला पायजे."

मुलांच्या बाबतीत तर विचारूच नका. बॉल असा यायचा की तुमच्या कमरेच्या उंचीवर, तुमच्या हातापासून नेमका एक वीत पुढे. तुम्ही मारला की तो सुरेखच जाणार. नऊ वर्षांच्या मला वाटायचं, आपण जन्मजात चॅम्पियन आहोत. पुढे राज्यपातळीवर खेळले, जरा आपटले, मग शिकवायला लागले. शिकवायचं प्रमाणपत्र मात्र मी रीतसर घेतलं. आमच्या घरात कागदाशिवाय कशावर कुणाचा विश्वास नसतो.

आता संघटनेचं. शहरात टेनिस शिकवणारे चाळीसेक तरी लोक होते आणि नेमणुकीचा कागद एकाकडेही नव्हता. ऋषिकेश माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, फार मनापासून शिकवणारा मुलगा. एका सकाळी तो नेहमीच्या कोर्टावर गेला तर वॉचमन फाटकातच म्हणाला, "तुमची सुट्टी झाली ना सर. दुसरे आले." बस, एवढंच. त्या दिवशी सीताबर्डीत चहाच्या टपरीवर आम्ही दोघं इतके तणतणलो की बाजूचे लोक कप घेऊन लांब सरकले. जयवंताभाऊ माझी रॅकेट गटिंग करून, म्हणजे नव्या तारा ओढून आणायला सोबत आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बोंबलून काय होते वं बेबी?" ते म्हणाले. क्लबातल्या मुलींना मार्कर बेबीच म्हणत, आणि मी चव्वेचाळीसची झाले तरी त्यांच्या लेखी बेबीच होते. "सारे जण एका कागदावर या ना. एकट्याले फाटकातून हाकलता येते, चाळीस जणाले कसे हाकलन?"

आम्ही हो हो म्हटलं आणि विसरलो. ते विसरले नाहीत. दोन महिने दर रविवारी दुपारी ते जुनी स्कूटर काढून गावभर फिरले. कुठे शाळेच्या मैदानावर, कुठे सोसायटीच्या एकुलत्या एका कोर्टावर. निम्मे प्रशिक्षक त्यांचेच विद्यार्थी, उरलेले त्यांच्यासारखेच मार्कर, त्यामुळे दार कुणी लावून घेतलं नाही. पहिल्या बैठकीला, सीताबर्डीतल्या एका दुकानाच्या माडीवर, तेवीस जण आले. भाऊ दाराशी उभे. ऋषिकेशने त्यांचा दंड धरून त्यांना पुढच्या खुर्चीत बसवलं, तर ते खुर्चीच्या कडेवर असे टेकले की कुणी आलं तर लगेच उठता यावं.

नियम करताना सगळ्यात कडक नियम सातवी शिकलेल्या या माणसाने केला. ज्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे त्यांना सरळ सभासदत्व. ज्यांच्याकडे नाही त्यांची परीक्षा. पन्नास गुण शिकवण्याचे, पन्नास खेळण्याचे, आणि दोन्हींत निदान वीस वीस हवेत. खेळण्यात परीक्षकाशी एक पूर्ण सेट. परीक्षक चिठ्ठी टाकून ठरणार.

"भाऊ, तुमची कसली परीक्षा?" ऋषिकेश म्हणाला. "तुम्ही पहिले सभासद. ठराव करून टाकू."

"अजिबात नाही." त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "मले सवलत देसान तर उद्या कोणीबी रॅकेट घेऊन येईन आन म्हणन मी कोच हाये. मंग आपल्या कार्डाले कोण पुसते गा? पयले परीक्षा, मंग सही."

टाळ्या पडल्या. नोंदणीला सात सह्या लागत होत्या, त्या आम्ही सात प्रमाणपत्रवाल्यांनी केल्या. भाऊ बाजूला उभे राहून प्रत्येकाची सही नीट वाळते की नाही ते बघत होते. जिना उतरताना मला हळूच म्हणाले, "कार्डावर प्रशिक्षक असं मराठीत लिहिसान ना? आमच्या गोपिकेले इंग्रजी वाचता येत नाही." गोपिकावहिनी म्हणजे त्यांची बायको.

मग आम्ही आमची मोठी चूक केली, आणि ती विजय म्हणून साजरी केली. शहरातल्या क्लबांना आम्ही पत्र पाठवलं की यापुढे संघटनेचं कार्ड असेल त्यालाच कोर्टावर शिकवू द्यावं, खेळवू द्यावं. पत्राचा मसुदा माझा. भाषा अशी खणखणीत की आमच्याच क्लबच्या कमिटीने ते सगळ्यात आधी मान्य केलं. एक जूनपासून कार्डाशिवाय कुणीही कोर्टावर उतरणार नाही, मार्करसुद्धा, अशी मधुकररावांच्या सहीची सूचना फलकावर लागली. आम्ही पेढे वाटले. भाऊ नापास झाले तर त्यांच्या कामाचं काय, हा प्रश्न तेवीस शहाण्या डोक्यांपैकी एकातही आला नाही. ते नापास होतील असं कुणाला वाटेल?

परीक्षा एप्रिलमध्ये झाली, आमच्याच क्लबात, ऊन चढायच्या आत. गोपिकावहिनींनी पांढरा शर्ट कडक इस्त्री करून दिला होता. शिकवण्याच्या परीक्षेत त्यांच्यापुढे कधी रॅकेट हातात न धरलेली एक मुलगी उभी केली. वीस मिनिटांत ती मुलगी नेटवरून बॉल टोलवत होती आणि उड्या मारत होती. आम्ही तिघा परीक्षकांनी अठ्ठेचाळीस गुण दिले, तेही दोन कापले नाहीत तर बरं दिसणार नाही म्हणून.

खेळासाठी चिठ्ठी काढली ती माझ्या नावाची निघाली. "बरं झालं, बेबीच हाये," भाऊ म्हणाले. मला मात्र धडकी भरली होती. मी मनाशी पक्कं केलं होतं की काही झालं तरी पक्षपात करायचा नाही. पहिल्याच परीक्षेत ढिलाई झाली तर संघटना संपली. मी माझा खेळ खेळणार, ते त्यांचा खेळतील, आणि जे दिसेल ते लिहिणार.

आणि त्या सकाळी मी काय खेळले! खांदा दुखतो म्हणून पाच वर्षं जो बॅकहँड मी टाळत होते तो रेघेलगत असा सुटत होता की माझ्याच अंगावर रोमांच उभे राहिले. एकामागून एक. वेताच्या खुर्चीतून मधुकररावांनी "वा, अबोली, वा!" म्हणून टाळ्या वाजवल्या. सेट मी सहा-दोन जिंकला. घाम पुसत तिथेच तक्ता भरायला घेतला. मोकळ्या जागेत मारता येतं का? नाही. समोरच्याला पळवता येतं का? नाही. पॉइंट संपवता येतो का? नाही. मला तर रागच आला होता. वाटलं, परीक्षेची मागणी यांची, आणि हे साधा जोर लावत नाहीत. चौदा.

निकाल दुपारी सीताबर्डीच्या त्या माडीवर वाचला. भाऊंनी तक्ता हातात घेतला, दोन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं, आणि म्हणाले, "बरोबर हाये." मग ते जिना उतरू लागले.

मी मागे धावले. अर्ध्या जिन्यात गाठलं आणि चक्क ओरडले, "काहून नाही मारला भाऊ? डावी बाजू पूर्ण मोकळी सोडली होती मी! एक तरी मारायचा ना!"

"मारून तर राहिलो होतो वं," ते म्हणाले. खरंच गोंधळलेले होते. मग त्यांचा चेहरा उजळला. "पण तू किती चांगली खेळून राहिली होती बेबी! तुहा तो बॅकहँड. खांदा दुखते म्हणत होती ना तू? मले पाहून इतकं बरं वाटलं."

तेव्हा मला कळलं. तो बॅकहँड माझा नव्हताच. प्रत्येक बॉल कमरेच्या उंचीवर, हातापासून एक वीत पुढे आला होता. दुखरा खांदा उचलावा लागू नये असा. त्यांनी हे ठरवून केलं नव्हतं. चाळीस वर्षं समोरच्याला खेळवून खेळवून त्यांच्या हाताला दुसरं काही माहीतच उरलं नव्हतं. त्यांनी मला दिलेलं मी माझं समजून मिरवलं, आणि त्याच कागदावर लिहिलं की यांना खेळता येत नाही. मी जिन्यातच बसले आणि खालून गिऱ्हाइकं बघत होती तरी हमसून हमसून रडले. भाऊ माझ्या शेजारी उभे राहून, "होते वं, होते असं," म्हणत मलाच समजावत होते.

दुसऱ्या दिवशी मधुकररावांकडे गेले. एक वर्षाची मुदत द्या, एवढंच मागितलं. त्यांनी मला सरबत दिलं. म्हणाले, "जयवंता माणूस म्हणून सोनं आहे गं. पण खेळ बेताचाच, हे तूही मान्य करशील. मी सदुसष्टाव्या वर्षी त्याला हरवतो. तुझा तक्ताही तेच सांगतो."

जिभेवर आलेलं मी कसं गिळलं ते माझं मला माहीत. संध्याकाळी भाऊंना सांगितलं, तर त्यांनी घाबरून विचारलं, "तू काही बोलली तर नाही ना त्यायले? नको सांगू वं. म्हातारा माणूस हाये, मनाले लावून घेईन."

फेरपरीक्षा मेच्या शेवटच्या रविवारी होती. मध्ये पाच आठवडे. भाऊ नंदनवन वस्तीत राहायचे, तिथल्या मैदानावरच्या सिमेंटच्या कोर्टावर आम्ही रोज उजाडताच भेटू लागलो. मी कोपऱ्यात बादली ठेवली आणि म्हटलं, मारा. दहापैकी नऊ बॉल बादलीत. दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली, तरी नऊ. मला हुरूप आला. मग मी बादली उचलली, एका कोपऱ्यात स्वतः उभी राहिले आणि दुसऱ्या रिकाम्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. बॉल माझ्याकडे आला. पुन्हा बोट दाखवलं. पुन्हा माझ्याकडे.

पहिले दोन दिवस आम्ही यावर हसलो. दुसऱ्या आठवड्यात कुणी हसत नव्हतं. गोपिकावहिनी चहाचा थर्मास घेऊन यायच्या आणि कडेला बसून बघायच्या. एकदा त्यांना राहवलं नाही. "मारा ना हो! एकडाव तरी मारा ना तिच्यापासून दूर!" असं त्या ओरडल्या, आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. भाऊंनी त्या दिवशी रॅकेट जमिनीवर आपटली. पस्तीस वर्षांत मी त्यांना असं करताना पाहिलं नव्हतं. लगेच वाकून उचलली, शर्टाने पुसली, कपाळाला लावली.

"डोकं म्हणते तिकडं मार," ते म्हणाले. "हात आयकत नाही वं. समोर माणूस दिसला की हात त्याच्याकडंच जाते."

फेरपरीक्षेच्या सकाळी चिठ्ठी ऋषिकेशच्या नावाची निघाली. मी ती त्याच्या हातातून घेतली आणि कोर्टावर उतरले. सगळ्यांनी पाहिलं, कुणी अडवलं नाही. मी काय करणार आहे ते तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं असावं. न्यायी बाई तोवर चुलीत गेली होती. मी हरायचं ठरवलं होतं.

पहिला गेम मी नेटमध्ये बॉल मारून घालवला. दुसरा बाहेर मारून. तिसऱ्यात सर्व्हिस दोनदा चुकवली. तीन-शून्य भाऊ. ऋषिकेश तक्त्यावर भराभर लिहीत होता. चौथ्या गेममध्ये माझ्या लक्षात आलं की बॉल हळू येतोय. जास्त हळू, जरा उंच, सरळ हातात. माझा दिवस वाईट आहे असं समजून भाऊ मला सावरून घेत होते. नऊ वर्षांच्या मुलीला देतात तसे बॉल. ते चुकवणंसुद्धा कठीण होतं. तरी मी चुकवले. चार-शून्य.

भाऊ नेटजवळ आले. "बेबी, तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे. खेळा तुम्ही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी नजर चुकवली, आणि तिथेच चुकले. मुद्दाम हरणारा माणूस कसा दिसतो हे साऱ्या शहरात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"पयल्या गेमपासून?" त्यांनी हळूच विचारलं, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं.

मी मान हलवली. मला वाटलं रागावतील. रागवायला हवे होते. पण त्यांचे डोळे भरून आले आणि ते नेटची पट्टी धरून उभे राहिले.

"चाळीस वर्षं झाले," ते म्हणाले. "माह्यासाठी कोणी हरलं नव्हतं वं कधी."

"मग घ्या ना भाऊ. दोनच गेम राहिलेत. घ्या, तुमच्या पाया पडते."

"आन मंग? ते कार्ड गळ्यात घालून मी पोरायले काय शिकवू?" त्यांनी नेटवरून हात पुढे केला, सेट संपल्यावर करतात तसा. मला तो घ्यावा लागला. मग ते ऋषिकेशकडे गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "लिहा सर, सोडला म्हणून." ऋषिकेश लिहीना. तेव्हा भाऊंनी त्याच्या हातातलं पेन घेतलं, शेऱ्याच्या रकान्यात स्वतःच्या ठसठशीत अक्षरात 'सोडला' असं लिहिलं, पेन परत दिलं, आणि पिशवी उचलून फाटकाकडे निघाले. मी कोर्टाच्या मधोमध उभी होते.

एक जूनपासून ते क्लबात आले नाहीत. आता ते आणि वहिनी मौद्याकडे भावाच्या घरी असतात. मी दोनदा जाऊन आले. ते प्रेमाने बोलतात, कोण कसं शिकवून राहिलं ते नाव घेऊन घेऊन विचारतात, आणि मी निघाले की पोचवायला रस्त्यापर्यंत येतात. परत येताना गाडी चालवताना मला नीट दिसत नाही.

संघटनेचे आज एकसष्ट सभासद आहेत. कार्डावर प्रशिक्षक असं मराठीत लिहिलेलं असतं. परीक्षेला आलेल्या नव्या उमेदवारांना मी सुरुवातीलाच सांगते की ही संघटना जयवंताभाऊ चाफले यांनी काढली, आणि तेव्हा नेहमी कुणी तरी वही उघडून विचारतं, त्यांचा सभासद क्रमांक एक असेल ना मॅडम? मी म्हणते, चला, उशीर होतोय, परीक्षेला लागू.